पाचव्या गाळ्याची मालकीण

सेनगावच्या बुद्धविहारात छताला तीन पंखे होते आणि तिन्ही पंख्यांच्या पात्यापात्यावर लाल रंगात लिहिलेलं होतं : 'दाते – पुंजाजी खिल्लारे, सेवानिवृत्त वायरमन.' पंखा फिरायला लागला की अक्षरांचं नुसतं लाल कडं व्हायचं आणि दाता दिसेनासा व्हायचा. पण सेनगावात दिवसाचे आठ-दहा तास भारनियमन, त्यामुळे नाव वाचायला लोकांना सवड भरपूर. घाम पुसत पुसत वाचायचे. तीस वर्षं खांबावर चढून ज्यानं गावाला उजेड दिला, त्याचं नाव उजेड गेल्यावरच दिसावं, याचं पोरांना हसू यायचं. पुंजाजीला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

माणूस वाईट नव्हता. दान म्हटलं की त्याचा हात खरंच सैल होता. विहाराला पाण्याची टाकी दिली, सतरंज्या दिल्या, भोंगा दिला, भीमजयंतीला कढईभर बुंदी दिली. अट एकच, नाव दिसलं पाहिजे. भोंग्यावर नाव मावेना, तर त्यानं दुकानदाराला तो परत करून मोठा भोंगा आणला.

"बुंदीवर लिवायचं तेवढं राहिलं बघा," त्याची बायको भागूबाई म्हणाली.

आता वायरमनच्या पेन्शनीत एवढं दान बसतं कुठं, असं कोणीही विचारील. ते बसत होतं गाळ्यांमुळे. आणि गाळे झाले ते सागवानामुळे.

चौऱ्याण्णव साली त्याचा थोरला मुलगा धम्मानंद नांदेडहून एक गुळगुळीत पुस्तिका घेऊन आला होता. तो तिथं एका पतसंस्थेत कारकून होता आणि पतसंस्थेच्या बाहेर आणखी चार संस्थांचा एजंट. पुस्तिकेवर हिरवं पान आणि खाली लिहिलेलं, 'झाड लावा, धरणी वाचवा, वीस वर्षांत लखपती व्हा.'

"पैसाबी आन् पुण्यबी, बाबा," धम्मानंद म्हणाला. "तुमी नुसते हजार रुपये द्यायचे. झाड त्यांचं ते वाढतं."

पुंजाजीनं फंडातून उचल घेतली आणि वीस झाडं घेतली. नंबर चारशे अकरा ते चारशे तीस. प्रमाणपत्र काचेत बसवून बैठकीत लावलं. तिसऱ्या वर्षी मात्र त्याला राहवेना. बापाला लेकरं बघायची ओढ लागते तशी त्याला झाडांची ओढ लागली. धम्मानंदला घेऊन दोन एसट्या आणि एक जीप बदलत तो वाशिमच्या पलीकडच्या एका माळावर पोचला. तिथं तुरीचं रान होतं, त्याच्या बांधाला गुडघ्याएवढ्या काड्या उभ्या होत्या आणि एक म्हातारा बकऱ्या चारत होता.

"सागवान व्हय?" म्हाताऱ्यानं नंबरांचा कागद उलटा धरून नीट पाहिला. "हे काय. हेच. ती काळी बकरी हाये ना, ती तुमचं चारशे बारा खाऊन राहिली."

कंपनीचं ऑफिस शोधत गेले, तर तिथं कटिंगचं दुकान लागलेलं. एवढं आलोच आहोत तर म्हणून धम्मानंदनं दाढी करून घेतली. पुंजाजी त्याच्याशी सेनगाव येईपर्यंत बोलला नाही.

त्या दिवसापासून त्याचा कागदावरचा विश्वास उडाला. हाताला लागेल ते आपलं. त्र्याऐंशी साली त्यानं हिंगोली रस्त्याला सहा गुंठे जागा घेऊन ठेवली होती. तेव्हा तिथं बाभळी आणि सापच होते. अठ्ठ्याण्णवला तो रिटायर झाला, पुढच्याच वर्षी हिंगोली जिल्हा झाला, सेनगाव तालुका झाला, तहसील आली, आणि सापांच्या जागेला सोन्याचा भाव आला. ग्रॅच्युइटीच्या पैशात पुंजाजीनं पाच गाळे काढले. खत-बियाणं, झेरॉक्स, कटिंग, चपला, असे चार गाळे चटकन लागले. पाचवा नालीच्या कडेला होता, तो काही लागेना. शेवटी एक शेठ आला. त्याला शेठ या नावाखेरीज दुसरं नाव कोणी विचारलं नाही. त्याच्याकडे देशी दारूच्या दुकानाचा सरकारी परवाना होता. बाकीच्या चार गाळ्यांचं मिळून जेवढं भाडं, तेवढं तो एकट्या पाचव्याचं द्यायला तयार होता, वर पन्नास हजार अनामत.

"त्याला देऊ नका," भागूबाई म्हणाली. "बाकी कोणालाबी द्या. म्हशी बांधायला द्या."

"मी पीत न्हाई, पाजत न्हाई," पुंजाजी म्हणाला. "भिंती माझ्या, बाटली त्याची. माझा काय संबंध?"

तरी मनात कुठंतरी खडा टोचत होता. म्हणून त्यानं हिशोब असा बसवला, की पाचव्या गाळ्याच्या भाड्यातला मोठा हिस्सा दानात घालायचा. मळका सदरा साबणात घातला की कोणी विचारतं का, मळ कुठं लागला? टाकी, सतरंज्या, भोंगा, पंखे हा सगळा साबण होता. फक्त रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी, म्हणजे दारूच्या शीलाशी आलं, की पुंजाजीला खोकला येई. बाकीच्या चार शीलांना त्याचा घसा खणखणीत असे.

अशी तीन वर्षं बरी गेली. मग दोन हजार चारच्या उन्हाळ्यात पुसेगावचा त्याचा चुलतभाऊ वारला, आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशीच त्याची तीन पोरं विहिरीच्या मोटरीवरून एकमेकांच्या गचांड्या धरून बसली. भन्तेजी अनित्यतेवर बोलत होते आणि मागं मोटर कोणाची यावर हाणामारी चाललेली. पुंजाजीनं परतीच्या जीपमध्येच ठरवलं, मृत्युपत्र करायचं.

मे महिन्यात त्यानं सगळ्यांना बोलावलं. धम्मानंद बायकोसह नांदेडहून आला. धाकटा रत्नपाल सेनगावातच होता. त्याचा धंदा समाजकार्य आणि नजर पंचायत समितीच्या तिकिटावर. मुलगी करुणा परभणीला दवाखान्यात नर्स होती, ती रात्रपाळी करून सकाळच्या गाडीनं आली. पुंजाजीनं चष्मा लावला आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरातले चार फुलस्केप वाचून दाखवले. दोन गाळे धम्मानंदला, दोन रत्नपालला. करुणेला अर्ध्या तोळ्याची अंगठी आणि दरवर्षी साडीचोळी. पाचव्या गाळ्याचं भाडं मात्र कायमचं दानाला, त्यातून 'पुंजाजी खिल्लारे अभ्यासिका' उभी राहणार, गरिबांची पोरं तिथं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणार, आणि दारात पुंजाजीचा अर्धपुतळा.

"पुतळा?" धम्मानंदच्या घशात चहा अडकला. "बाबा, तुमी जिवंत हाव की अजून."

"म्हणूनच. मेल्यावर नाक बराबर येत न्हाई. नांदेडच्या मूर्तिकाराला पंधरा हजार इसार देऊन आलो मी."

रत्नपालला अभ्यासिका आवडली, फक्त तिचं उद्घाटन निवडणुकीच्या आधी व्हावं एवढंच त्याचं म्हणणं होतं. करुणा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. सगळ्यांना वाटलं झोपली.

"छान हाये बाबा," ती डोळे न उघडताच म्हणाली. "पोरं अभ्यासिकेत बसतील आन् त्यांचे बाप पाचव्या गाळ्यात. सगळं घरदार एकाच मालकापाशी."

"तुला अंगठी कमी पडून राहिली का?" पुंजाजी उखडला.

"मला काहीच नको. आमच्या वॉर्डात पोट फुगलेली माणसं येतात ना, त्यांना मी गाव विचारत असते. सेनगाव म्हटलं की पुढचं विचारायची हिंमत होत न्हाई मला."

भागूबाई भाकरी टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी दोन्ही पोरांना घेऊन हिंगोलीला वकिलाकडे गेला. वकिलानं चार पानं वाचली, अक्षराचं कौतुक केलं आणि जागेचे कागद मागितले. पुंजाजीनं पत्र्याची पेटीच नेली होती. त्र्याऐंशीचं खरेदीखत, ग्रामपंचायतीचा उतारा, वीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या, एक चुकली नव्हती. वकील पावत्या उलटत गेला. मग त्यानं पंखा बंद केला, जणू नीट ऐकू यावं म्हणून.

"काका, भागूबाई कोण?"

"बायको."

"मग मृत्युपत्र त्यांनी करायला पाहिजे. तुमच्या नावावर इथं काहीच न्हाई."

पुंजाजीनं पावती हिसकून घेतली. 'भागूबाई पुंजाजी खिल्लारे.' वीस वर्षं तो दरवर्षी ही पावती घेत होता, वाचत होता आणि घडी घालून ठेवत होता. पण त्याला त्यातलं 'पुंजाजी' तेवढंच दिसायचं. आता आठवलं. नोकरीतल्या माणसानं जागा घेतली की लोकांच्या डोळ्यांवर येतं, कोणी तरी अर्ज ठोकतं, म्हणून खरेदीखत लिहिणाऱ्यानंच सुचवलं होतं, वहिनीच्या नावानं करा. भागूबाईला एसटीनं हिंगोलीला आणलं होतं, तिनं अंगठा दिला होता, परत जाताना तिला उसाचा रस पाजला होता. रस त्याला आठवत होता. अंगठा साफ विसरला होता.

"मग माझं काय हाये?" त्यानं विचारलं.

वकिलानं पेटीत पुन्हा पाहिलं. "सागवानाची वीस झाडं दिसतात."

संध्याकाळपर्यंत घरातलं वारं फिरलं. आजवर पोरं बापाच्या मागंपुढं करत, आता दोघांनाही एकाएकी आईचे गुडघे दिसू लागले. धम्मानंदच्या बायकोनं, सपनानं, सासूच्या गुडघ्यांना तेल चोळलं, लग्नाला बारा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच. रत्नपालनं पेटीभर आंबे आणले. धम्मानंदनं हलक्या आवाजात एक नवी पॉलिसी समजावून सांगितली, ज्यात आईनं सगळं घातलं तर ती ऐंशीव्या वर्षी श्रीमंत होणार होती.

"आन् तवर?" भागूबाईनं विचारलं.

"तवर हप्ते भरायचे."

तिनं आंबा चोखून कोय बाजूला ठेवली आणि म्हणाली, "उद्या मी माझे गाळे बघून येते. बघितलेच न्हाई मी कधी धडाचे."

सकाळी दहा वाजता ती करुणेला बरोबर घेऊन निघाली. पुंजाजी दहा पावलं मागून चालत होता, बाजारात वळू सुटल्यावर मालक चालतो तसा. खतवाल्यानं तिला खुर्ची दिली. झेरॉक्सवाल्यानं चहा मागवला. चौथ्या गाळ्यापर्यंत सगळं गोड होतं. पाचव्याच्या दारात ती क्षणभर थांबली, पदर नाकाला लावला आणि आत शिरली. बाकड्यांवर बसलेल्या माणसांनी ग्लास पाठीमागं लपवले, शाळेत गुरुजी आल्यासारखे.

आतल्या भिंतीला फळ्या होत्या. खालच्या फळ्यांवर बाटल्या आणि वरच्या फळीवर भांडी. पितळी तांबे, परात, दोन कळशा, कढई, घागर. रोख संपली की माणसं भांडं ठेवून पीत. पुंजाजी भाड्याला दर महिन्याला इथं येत होता, पण तो काउंटरवरच घेऊन वळायचा, वर बघायचा नाही.

भागूबाईनं वर पाहिलं. एक तांब्याची घागर होती, काठाला किंचित चेपलेली. तिनं शेठच्या नोकराला सांगून ती खाली काढली आणि गळ्याजवळ बोट फिरवलं. नाव कोरलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण हे एक नाव ती बोटानं ओळखायची, कारण भांड्यावर कोरायला तिनंच हिंगोलीच्या तांबटाकडे अर्धा दिवस उभं राहून काम करून घेतलं होतं. 'भागूबाई पु. खिल्लारे यांजकडून आहेर.' त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या जनकाबाईच्या मुलीच्या लग्नात तिनं ती दिली होती. गेल्याच वर्षी.

"ही कोणी आणली?" तिनं विचारलं.

नोकरानं नाव सांगितलं. जनकाबाईचा नवरा. मुलीच्या सासरहून 'चार दिवसांपुरती' मागून आणली होती.

भागूबाई बाहेर आली, घागर काखेत धरून. रस्त्यात पुंजाजी उभा होता. ती त्याच्यापुढं उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण चपलांच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली.

"मी दान दिलं, ते ह्यानं गहाण घेतलं. त्याच्या दारूचं भाडं तुमी घेतलं, आन् त्याचा भोंगा करून विहाराला दिला. माझीच घागर वाजून राहिली की तुमच्या भोंग्यातून!"

पुंजाजीला खोकला आला. रविवार नव्हता, तरी आला.

घरी येऊन भागूबाईनं निकाल सांगितला. शेठनं महिन्याभरात गाळा सोडायचा. पुंजाजीनं सांगितलं, करार आहे, असं काढता येत नाही. करुणेनं करार मागितला आणि वाचला. करारावर जागामालक म्हणून सही होती पुंजाजीची. परवान्याला लागणारं जागामालकाचं संमतीपत्र होतं, त्यावरही पुंजाजीची.

"पण मालक तर आई हाये," करुणा म्हणाली. "म्हणजे संमती कोणी दिलीच न्हाई. आईनं एक अर्ज दिला की परवाना अडचणीत येतो."

"आन् मी?" पुंजाजीचा चेहरा उतरला. "खोटी सही केली म्हणून मला आत टाकतील की!"

"टाकतील तर टाकतील," भागूबाई म्हणाली. "डबा आणून देत जाईन मी."

तो रात्रभर तळमळला नाही, कारण त्याला झोप लागली. सेनगावच्या खांबांवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला झोप कुठंही लागते. पण सकाळी तो स्वतःच उठून शेठकडे गेला आणि हळूच सगळं सांगितलं. शेठ हसला.

"क्या पुंजाजीभाई, घरमें नहीं चलती क्या आपकी? ठीक है. अनामत द्या परत, उद्या जातो."

शेठला माहीत होतं की अनामत टाकीत, सतरंज्यांत आणि भोंग्यात गेली आहे. पुंजाजीनं नांदेडला मूर्तिकाराकडे फोन करून इसार परत मागितला. मूर्तिकार म्हणाला, डोकं तयार झालंय, खांदे राहिलेत. डोकं घेऊन जा, पैसे मात्र नाहीत. शेवटी पुंजाजीनं बँकेतली मुदतठेव मोडली, ती एकच ठेव खरोखर त्याच्या नावावर होती. पन्नास हजार मोजून शेठच्या काउंटरवर ठेवले, तेव्हा शेठचं हसू मावळलं. पण शब्दाला माणूस सरळ होता, बोलल्याप्रमाणं सामान बांधायला लागला. फक्त वरच्या फळीला हात लावला तेव्हा भागूबाई दारात उभी होती.

"भांडी राहू द्या."

"बाई, त्यावर माझी उधारी हाये."

"तुमी तीन वर्षं भाडं कोणाला दिलं?"

"पुंजाजीभाईंना."

"ते मालक न्हाईत. म्हणजे माझं तीन वर्षांचं भाडं तुमच्याकडं बाकीच हाये. ते द्या, न्हाईतर भांडी ठेवा."

शेठनं पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजीनं छताकडे पाहिलं. शेठ एकदम खो खो हसला आणि भांडी सोडून गेला. "ह्या बाईला वकील करा," तो जाताना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भागूबाईनं गाळ्यापुढं गोणपाट अंथरलं आणि तेवीस भांडी मांडली. बातमी पोचायला दुपार लागली नाही. बायका आल्या. कोणी नाव वाचलं, कोणी चेपका ओळखला, कोणी बूड उलटं करून कल्हई पाहिली. दोघींचं एका परातीवरून भांडण जुंपलं, कारण दोघींची नावं पारुबाई. जनकाबाई आली ती घागरीपुढं नुसती उभी राहिली. तिला उचलायला लाज वाटत होती.

"उचल गं," भागूबाई म्हणाली. "आन् पोरीच्या सासरी पोचती कर. ह्या वेळी तू स्वतः जा."

सगळी भांडी गेली, एक तांब्या राहिला. त्यावर 'रूपाबाई' एवढंच होतं. ती कोण, हे संध्याकाळपर्यंत कोणालाच सांगता आलं नाही. तो तांब्या अजून भागूबाईकडे आहे.

शेठनं काही धंदा सोडला नाही. दहाव्या दिवशी रस्त्यापलीकडे, रत्नपालच्या पक्षाच्या एका पुढाऱ्याच्या गाळ्यात त्याचं दुकान थाटात सुरू झालं. पुंजाजीला केवढं समाधान वाटलं. "काय फरक पडला?" तो म्हणाला. "दारू तीच, गाव तेच. आपलं भाडं तेवढं गेलं."

"त्याच्या गाळ्याचं त्यानं बघावं," भागूबाई म्हणाली. "माझ्याचं मी बघीन."

गाळा दोन महिने मोकळा राहिला. करुणेनं परभणीला कृषी विद्यापीठात डाळीची छोटी गिरणी पाहिली होती. सेनगावात तूर पोत्यांनी पिकते, व्यापारी ती नेतात आणि तीच डाळ होऊन दुप्पट भावानं परत येते. बायकांचा एक बचत गट होता, दहा जणींचा, जनकाबाई त्यात होती. आठवड्याला दहा-दहा रुपये जमवून त्या एकमेकींनाच उसने देत होत्या. भागूबाईनं त्यांना बोलावलं. गाळा देते, पहिल्या भाड्याच्या तिसऱ्या हिश्शात. मशिनीला माझ्या पाटल्या मोडून चाळीस हजार देते, बाकी बँकेकडून काढा. चाळीस परत करायचे, थोडं व्याजबी द्यायचं.

"मावशी, आमच्याकडून व्याज घेता?" जनकाबाई म्हणाली.

"घेते. दान दिलं तर तुमी माझ्या पाया पडाल. व्याज घेतलं तर माझ्याशी भांडाल. भांडलेलं बरं."

पुंजाजीनं कपाळाला हात लावला. "बुडाले समज. माझ्या सागवानासारखे."

"तुमचं सागवान वाशिमच्या पल्याड होतं. बकरीनं खाल्लं ते तुमाला तीन वर्षांनी कळलं. हे घरापासून शंभर पावलांवर हाये. बकरी शिरली तर मला हाणता येईल."

बकरी नाही, पण बाकी सगळी विघ्नं शिरली. पहिल्या पोत्याची डाळ निघालीच नाही, नुसता चुरा निघाला, तो म्हशींना विकला. दुसऱ्या पोत्यात अर्धी साल तशीच. गावात म्हणायला लागले, भागूबाईच्या डाळीला अंगरखा असतो. तिसऱ्या आठवड्यात मोटर जळली. आतलं वाइंडिंग भरून आणलं, पुन्हा जळली. बायका गाळ्यापुढं कपाळाला हात लावून बसल्या.

पुंजाजी समोर खतवाल्याच्या खुर्चीत बसून हे बघत होता. दोन दिवस त्यानं पाहिलं. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता, पण मोटरचा तो घरघराट त्याच्या कानाला सहन होईना. गवयाच्या घरात कोणी बेसूर गावं, तसं झालं. तिसऱ्या दिवशी तो उठला, चड्डीवर पॅन्ट चढवली, जुनं टेस्टर काढलं आणि गाळ्यात शिरला.

"सरका. कोणी जोडली ही लाइन? गाढवानं?"

मेन स्विचला एका फेजचा जोड सैल होता. मोटर दोन फेजवर धापा टाकत होती. त्यानं जोड पक्का केला, वायर बदलली, मोटर पुन्हा भरून आणायला लावली आणि चालू केल्यावर कान लावून पाच मिनिटं उभा राहिला. नंतर तो रोजच जाऊ लागला. भारनियमनाचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ, त्याप्रमाणं बायकांच्या पाळ्या लावून दिल्या. जनकाबाईनं विचारलं, "बाबा, मशिनीवर तुमचं नाव टाकायचं का?" त्यानं थोडा विचार केला, नाही असं नाही. मग म्हणाला, "ग्रीसनं पुसून जाईल. राहू दे."

दोन हजार सहाच्या होळीपर्यंत गिरणी आपल्या पायावर उभी राहिली. फार नव्हतं, पण दहा जणींना मजुरीपेक्षा थोडं जास्त सुटत होतं, आणि भागूबाईचे चाळीसातले बावीस हजार परत आले होते, दर वेळी भांडण होऊन. जनकाबाईचा नवरा सुधारला का? नाही. तो रस्त्यापलीकडे जायचा. पण गिरणीचे पैसे गटाच्या खात्यात जमा होत आणि खात्यावर त्याची सही नव्हती.

त्याच उन्हाळ्यात भागूबाईनं मृत्युपत्र केलं. एकच पान. चार गाळ्यांपैकी एक धम्मानंदला, एक रत्नपालला, एक करुणेला. दोघं भाऊ बहिणीचं नाव ऐकून एकदम वकिलाकडे बघायला लागले, जणू छपाईची चूक असावी. चौथा गाळा पुंजाजीला हयातभर, आणि त्याच्यामागं तिघांत. पाचवा गटाला, ठरल्या किमतीला, हप्त्यानं विकत.

"हयातभर?" पुंजाजी म्हणाला. "म्हणजे तू माझ्याआधी जाणार, असं धरून चालली का?"

"गुडघे माझे दुखतात. तुमचं काय दुखतं?"

परतीच्या जीपमध्ये दोघंच मागं बसली होती. नरसीच्या फाट्यावर जीप भाविकांसाठी थांबली, तेव्हा पुंजाजीनं दोन वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं.

"जागा तुझ्या नावाची हाये, हे तुला माहीत व्हतं?"

"अंगठा माझा हाये. मला माहीत न्हाई व्हय?"

"मग शेठला गाळा दिला तवा बोलली काहून न्हाईस?"

"बोलले की. देऊ नका म्हणून."

"ते बायको म्हणून बोललीस. मालकीण म्हणून बोलायला पाहिजे व्हतं."

"ऐकलं असतं?"

जीप सुरू झाली. पुंजाजीनं प्रामाणिकपणे विचार केला. पुढच्या गावापर्यंत केला. "न्हाई," तो शेवटी म्हणाला. भागूबाईनं पिशवीतून शेंगा काढल्या आणि अर्ध्या त्याच्या हातात दिल्या.

घरी पोचले तर ओसरीवर गटाच्या आठ-नऊ जणी बसलेल्या. गावातल्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडता येतं, असं जनकाबाई कुठंतरी ऐकून आली होती. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, उभी आणि आडवी; दुकान नको म्हणणारीनं आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. त्याआधी अर्ज द्यायचा, बायकांच्या सह्यांचा. समोरच्या पुढाऱ्याचा गाळा म्हटल्यावर रत्नपालला घाम फुटला. "आई, माझं तिकीट जाईल," तो म्हणाला.

"एसटीचं काढून देते," भागूबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अवो, तुमचं अक्षर चांगलं हाये. अर्ज लिवा."

पुंजाजीनं चष्मा लावला, फुलस्केप घेतला. समास सोडला. "खाली माझी सही पहिली घेऊ का?"

"तुमची चालत न्हाई. बायकांचीच लागते. तुमी नुसतं लिवा."

त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "मग पहिलं नाव कोणाचं लिवू, तुझं?"